नऊ बिल्ले

स्कूबावाल्यांशी माझं पहिल्यापासून वाकडं होतं, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कोणी म्हणायला नको की म्हातारी साळसूदपणाचा आव आणते.

आमची गल्ली जिथे संपते तिथून समुद्रावर उतरायला चौतीस पायऱ्या आहेत. पायऱ्या सगळ्यांच्या, समुद्रही सगळ्यांचा, पण गल्ली आमची, असं आम्हा सोळा घरांचं म्हणणं. त्यांचं म्हणणं, रस्ता सार्वजनिक आहे. दर शनिवारी सकाळी त्यांच्या दोन व्हॅन येत. हवेच्या जड टाक्या आदळत उतरवायच्या, लोकांच्या फाटकांना आडव्या गाड्या लावायच्या आणि भर रस्त्यात रबरी पोशाख चढवताना एका पायावर उड्या मारायच्या. हटकलं की उत्तर ठरलेलं, ‘पाचच मिनिटं, काकू.’ त्यांची पाच मिनिटं संपलेली मी तरी कधी पाहिली नाहीत.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर. बैठकीतही ते आपणच बोलतात आणि बाकीच्यांनी नुसता आ करून बसायचं. त्यांनी ठराव मांडला, पायऱ्यांच्या कठड्याला काहीही टांगलेलं दिसलं की काढून टाकायचं. टॉवेल असो, दोरी असो, पाटी असो. काढायचं कोणी? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं घर पायऱ्यांना लागून आहे आणि जीभ तिखट आहे, एवढी पात्रता त्यांना पुरली.

त्या शनिवारी दहा वाजता मी कापडी पिशवी घेऊन बाहेर पडले. मंडळी पाण्यात गेली होती. कठड्याला एक निळी फळी तारेने अडकवलेली होती, तिच्यावर हुक, आणि हुकांना नंबर टाकलेले पत्र्याचे बिल्ले. गाड्यांच्या किल्ल्यांचं काहीतरी असेल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मजा वाटली. बसा म्हटलं शोधत. फळी घरी आणली, दाराआड ठेवली आणि भाजी निवडायला बसले.

पावणेअकराच्या सुमारास गल्लीत कालवा सुरू झाला. एक व्हॅन डॉक्टरांच्या फाटकासमोर होती आणि त्यांना दवाखान्यात जायचं होतं. ‘आत्ताच्या आत्ता गाडी हलली नाही तर चारही चाकांतली हवा सोडीन,’ डॉक्टर ओरडत होते. ओली माणसं सामान कोंबत होती, दारं आपटत होती, कोणाचा कोणाला मेळ नव्हता. घाईघाईने पाच जण चढले आणि ती व्हॅन निघून गेली. मी खिडकीतून मोजले. मोजायची मला खोडच आहे, सगळी नोकरी तेच करण्यात गेली.

अकरा वाजता दार वाजलं. त्यांची प्रमुख होती. तिशीची असेल, आम्ही आपसात तिला सरदारीण म्हणायचो. कानात पाणी गेल्यामुळे मान एका बाजूला झटकत होती.

“काकू, कठड्यावरची निळी फळी पाहिलीत का कुठे?”

“कसली फळी?”

“बिल्ले होते तिच्यावर. जरा महत्त्वाची आहे.”

“मला काय विचारतेस? तुमच्या वस्तू राखायला बसलेय का मी इथे?”

फळी माझ्या टाचेपासून वीतभर अंतरावर होती. ती ‘सॉरी’ म्हणाली आणि गेली. दार लावलं तेव्हा मला अगदी जिंकल्यासारखं वाटलं.

आमचे हे आतून सगळं ऐकत होते. येऊन त्यांनी दाराआडून फळी काढली आणि चष्मा कपाळावर सरकवून पाहिली.

“काय आहे हे?”

“किल्ल्या अडकवायचं असेल.”

“मग किल्ल्या कुठायत?” त्यांनी एक बिल्ला बोटाने हलवला. “तू तीस वर्षं कारखान्याच्या गेटवर काय करत होतीस गं?”

मी हजेरी घेत होते. आत जाताना कामगाराने आपला बिल्ला फळीवर लावायचा, बाहेर पडताना काढून न्यायचा. सुट्टी झाल्यावर फळीवर एक जरी बिल्ला उरला, तरी गेट बंद करायचं नाही, कारण तो माणूस आत आहे. बॉयलरमागे चक्कर येऊन पडलेला एक फिटर मी असाच शोधून काढला होता. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं.

मी बिल्ले मोजले. नऊ. पुन्हा मोजले, नऊच. पहिल्या व्हॅनमधून पाच गेलेले. खिडकीतून पाहिलं तर दुसऱ्या व्हॅनपाशी सरदारीण आणि आणखी दोघे टाक्या चढवत होते. पाच आणि तीन. मी खिडकीचे गज धरले.

“एखादा आधीच घरी गेला असेल,” मी म्हटलं.

“जाऊन विचार.”

“विचारलं तर कळेल ना त्यांना, की मी...”

हे फळी माझ्यापुढे धरून उभे राहिले. लाज वाटते लिहायला, पण त्या घटकेला मला पाण्यातल्या माणसापेक्षा माझीच काळजी जास्त वाटत होती. पोलीस येतील, शेजारी बोलतील, लेक फोन करून विचारेल. एक माणूस कुठेतरी गटांगळ्या खात असेल आणि मी आपली अब्रू सांभाळत उभी होते. दोन मिनिटं तरी गेली असतील. मग व्हॅनचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला आणि मी अनवाणीच धावले.

सरदारिणीने फळी पाहिली. ‘कुठे होती’ असं विचारलं नाही. तिने फोन लावला.

“तुमच्यात किती? सहा ना? अरे, नीट मोज.” ती ऐकत राहिली. “पाच? आणि चार नंबर?”

चार नंबर म्हणजे चष्मेवाला मास्तर. सकाळी माझ्या दारापुढून टाकी सरकवताना ‘माफ करा’ म्हणणारा तो एकटाच. त्याच्या जोडीदाराला वाटलं, तो सरदारिणीच्या गटाबरोबर वर आला. हिला वाटलं, पहिल्या व्हॅनमधून गेला. फळी जागेवर असती तर कोणाला काही वाटायची वेळच आली नसती.

“कधी काढलीत?” तिने मला विचारलं.

“दहाला.”

“त्याची हवा फार तर पावणेअकरापर्यंत पुरली असेल.” अकरा वीस झाले होते.

ती पायऱ्या उतरत सुटली. खाली एक कोळी जाळं झाडत होता, त्याच्या होडीत चढून ती खडकांच्या टोकाकडे गेली. मी कठडा धरून उभी राहिले. रोज कपडे वाळत घालताना दिसतो तसाच समुद्र होता, ऊन पडलेला, रिकामा. बघता बघता मला प्रत्येक लाटेत डोकं दिसायला लागलं. खाली बसायची हिंमत होत नव्हती. बसले तर तेवढ्यात काही दिसायचं राहील असं वाटत होतं.

बातमी ऐकून डॉक्टर दवाखान्यातून परत आले होते. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “फळी तुम्हाला खाली वाळूत सापडली, एवढंच सांगायचं. बाकी काही बोलायची गरज नाही.” दात उपटण्याआधी ‘काही दुखणार नाही’ म्हणतात, अगदी त्याच आवाजात. मी मान हलवली. किती सहज हलली ती, याचीच मला धडकी भरली.

सव्वाबाराला होडी परतली. होडीत कोणीतरी बसलेलं होतं. मी पुन्हा पुन्हा मोजलं. कोळी, सरदारीण आणि तिसरा.

प्रवाहाने त्याला टोकापलीकडे नेलं होतं. तिथे एका खडकाला तो धरून राहिला होता. गुडघे सोलवटलेले, ओठ निळे, आणि दात इतके वाजत होते की पायरीवर बसवून त्याला पांघरूण गुंडाळावं लागलं. डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“फळी मी काढली होती,” मी म्हटलं. “अकरा वाजता ही विचारायला आली. तेव्हा फळी माझ्या घरात होती. मी माहीत नाही म्हणाले.”

सरदारिणीने माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. तो मात्र पाहत राहिला. बोलला तेव्हा त्याचा आवाज पार बसलेला होता, मला वाकून ऐकावं लागलं.

“अकरा वाजता मी अजून हाका मारत होतो,” तो म्हणाला.

मग त्याने पांघरूण गळ्याशी ओढून घेतलं आणि तोंड भिंतीकडे केलं.