लालसूच्या नावाचा आंबा

लालसू सुट्टीवर आला, तर गावाला वाटलं पुण्याचं अख्खं हॉटेलच डोक्यावर घेऊन आला. नाहीतर मुलचेऱ्यापासून उन्हात पायपीट करत आलेल्या माणसाला निदान हातपाय तरी धुऊ देतात की नाही? पण छे! तो ओट्यावर टेकतो न टेकतो तोच शेजारचा चैतू येऊन समोर बसला.

"सांग ना गा, पुन्यात सध्या काय काय खाऊन राह्यले लोक?"

आता काय सांगावं माणसानं? अंगात बल्लारशापर्यंतच्या गाडीचे हिसके अजून शिल्लक, पाय सुजून टम्म झालेले. पण गाव सोडून गेलेल्या माणसाला गावात आल्यावर बोलावंच लागतं, तो एक करच असतो. लालसूनं सांगितलं. सकाळी मिसळीला कशी रांग लागते, थालीपिठावर लोण्याचा गोळा कसा ठेवतात, आणि लोक जेवणाआधी जेवणाचे फोटो कसे काढतात. चैतूला ते फोटोचं काही केल्या पटेना. "भूक नसते का त्याइले?" असं त्यानं दोनदा विचारलं. मग मस्तानीची गोष्ट निघाली. मस्तानी म्हणजे दाट दूध, त्यात आंब्याचा रस, वर आइस्क्रीमचा गोळा, काजू, बदाम आणि आपल्याच जंगलातली चारोळी, म्हणजे गावाकडची चार.

"आपली चार?" चैतू खूश झाला. "अन् लोक तिले पैसे देऊन खातेत?"

"खातेत नं."

हे असं रोज चाललं. तेंदूपत्त्याचा हंगाम होता. पहाटे जंगलात जायचं, ऊन चढायच्या आत पानं घेऊन यायचं आणि मग दुपारभर सावलीत बसून त्यांचे पुडे बांधायचे. लालसूही मायसोबत जायचा, कारण घरी बसून राहिला तर माणसं त्याला आणखीच बोलायला लावत. पुडे बांधता बांधता पुन्हा तेच. काय खातात, कसं खातात, किती गोड असतं. लालसूला कधी कधी वाटायचं, पुन्हा पुण्याला जावं, तिथं निदान जेवणाबद्दल कोणी बोलत नाही, नुसतं मागतात.

पण तो आला होता एका कामासाठी, आणि ते काम काही होत नव्हतं.

लालसू पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात बरीच वर्षं कामाला होता. चामोर्शीच्या प्रफुलनं त्याला तिथं लावून दिलं होतं. आधी भांडी, मग तळणाची भट्टी. भट्टी म्हणजे सकाळपासून उकळत्या तेलासमोर उभं राहणं. बसायला जागा नाही, वारा नाही. त्याचे पाय त्या भट्टीनंच सुजवले होते. उन्हाळ्यात मात्र हॉटेलात आंब्याचं वेगळं काउंटर लागायचं. तिथं मस्तानी, आम्रखंड, आंब्याची कुल्फी. त्या काउंटरवर पंखा होता, स्टूल होतं, आणि तिथला माणूस मग वर्षभर गोडाच्या विभागातच राहायचा. गेल्या वर्षी शेठनी लालसूला तिथं उभं केलं. हात स्वच्छ, काम चोख, बोलणं कमी. सगळं जमलं. एकच गोष्ट जमली नाही. लालसू आंबा चाखत नव्हता.

पेटीगणिक आंबा बदलतो. एक पेटी साखरेसारखी, दुसरी आंबट. चाखल्याशिवाय साखर किती घालायची ते कळणार कसं? लालसू प्रफुलला हाक मारायचा, "जरा चाखून पाय बे." एकदा प्रफुल जागेवर नव्हता. मस्तानीची अख्खी खेप आंबट गेली आणि एका मोठ्या टेबलानं सगळे ग्लास परत पाठवले. शेठ ओरडले नाहीत, तेच वाईट.

"लालसू, अरे आंब्याच्या काउंटरवरचा माणूस आंबा चाखत नाही, हे मी लोकांना काय सांगू?"

"मले आंबा बाधते शेठ," लालसू म्हणाला.

"मग असं कर. पुढच्या वर्षी चाखणार असशील तर काउंटर तुझं. नाहीतर आपली भट्टी आहेच."

आंबा त्याला बाधत वगैरे काही नव्हता. लहानपणी कोयीसकट चोखायचा पठ्ठ्या. पण त्याच्या गावात आंब्याचा पंडुम झाल्याशिवाय नवा आंबा कोणी तोंडाला लावत नाही. पंडुम म्हणजे नव्या फळाचा सण. गावाची पूजा करणारा गायता पहिले आंबे देवापुढे ठेवतो, मग गाव खातं. त्याआधी झाडाखाली पडलेला आंबासुद्धा दोन वर्षांचं पोर उचलत नाही. आणि लालसूला उन्हाळ्यात कधी सुट्टीच मिळाली नव्हती. हॉटेलचा हंगाम आणि पंडुम एकाच वेळी. जो पंडुमाला हजर नाही त्याला आंबा नाही, असं धरून त्यानं आंबा सोडला होता. हात कोपरापर्यंत रसानं माखायचे, झोपेतही वास यायचा, पण बोट कधी चाटलं नाही. हे शेठला काय सांगणार? प्रफुललाही सांगितलं नाही. ते हसले असते, किंवा हसले नसते आणि नुसतं बरं म्हणाले असते, ते तर त्याहून नकोसं.

म्हणून यंदा त्यानं हट्टानं सुट्टी काढली होती. पंडुमला हजर राहायचं, गावात बसून आंबा खायचा आणि मोकळ्या तोंडानं काउंटरवर जाऊन उभं राहायचं. आणि नेमका यंदाच गायत्याच्या घरी सुतक! गायत्याचं नाव इतवारी; त्याचा म्हातारा भाऊ गेला होता, आणि तेंदूपत्त्याच्या धावपळीत त्याचं दिवसकार्य मागे पडलं होतं. कार्य होत नाही तोवर पंडुम नाही.

लालसू इतवारीकडे जाऊन आला. "काका, माही सुट्टी सरून राह्यली."

"माहा भाऊ सरला," इतवारी म्हणाला. रागानं नाही म्हणाला. लालसू उठून घरी आला.

शेवटच्या दुपारी लालसू, त्याची माय बुधरी आणि चैतू असे तिघं पुडे बांधत बसले होते. दुसऱ्या दिवशी लालसूला निघायचं होतं. ऊन असं, की कुत्रंसुद्धा भुंकायचा कंटाळा करत होतं. चैतूनं मात्र कंटाळा केला नाही.

"बाकी समदं समजलं गा. पन ते आंब्याची मस्तानी. ते लागते कशी?"

"मले काय मालूम," लालसू म्हणाला.

"तूच बनवते नं?"

"बनवतो. खाल्ली नाई कधी."

बुधरीचे हात थांबले. "नाई खाल्ली म्हंजे? काऊन?"

"काऊन म्हंजे काय माय! पंडुमले मी इथी कुठी असतो?"

बुधरी त्याच्याकडे बघत राहिली. कळेना तिला. मग हळूहळू कळायला लागलं, आणि तिचा चेहरा बघून चैतूनंही पान खाली ठेवलं.

"अरे, मी तुह्या नावाचा टाकतो ना दरवर्सी!"

"काय टाकते?"

"आंबा! पंडुमात, देवापुढे. जे बाहीर गेले त्याइच्या नावाचा घरच्यानं टाका लागते. इतवारी नाव घेते. मंग ते मानूस कुठी बी असो, खाऊ शकते. तुहा बाप सडकेच्या कामावर गेलता तवा मी त्याच्या नावाचा टाकत जाओ. समद्याइलेच मालूम हाये हे!"

"मले नव्हतं मालूम," लालसू म्हणाला.

कसं असणार मालूम? बाप बाहेर गेला तेव्हा हा पाळण्यात. पुढे वर्षानुवर्षं घरातलं कोणी बाहेर गेलंच नाही, मग कोणाच्या नावाचा टाकणार आणि हा बघणार तरी कधी? आणि स्वतः बाहेर गेला तेव्हा विचारलं नाही. मायला वाटलं त्याला ठाऊक आहे, त्याला वाटलं इथं ठाऊक असण्यासारखं काही नाही. फोनवर दोघं बोलायचे ते पावसाचं, तब्येतीचं, बकऱ्यांचं. आंब्याचं कोण बोलतं?

बुधरी आधी चिडली. आणि चिडली ती अशी, की चैतू हळूच अर्धा हात मागे सरकला.

"इतली वर्सं! इतली वर्सं आंब्याबिगर काढली अन् एक फोन नाई केला? अक्कल कोन्या बाजारात विकून आला बे? विचारलं असतं तं तोंड झिजलं असतं का तुहं?"

लालसूनं बांधलेला पुडा पुन्हा सोडला. त्याला हसूही आलं आणि रडूही, पण दोन्हींसाठी लागते ती ताकद अंगात नव्हती. आंबट गेलेली मस्तानी आठवली. शेठचा तो न ओरडलेला चेहरा आठवला. गेला अख्खा हंगाम त्याला मोकळीक होती. देवाची होती, गावाची होती, मायनं आपल्या हातानं आणलेली होती. फक्त त्याच्यापर्यंत पोचली नव्हती.

बुधरीचा आवाज मग एकदम खाली आला.

"मी खाल्ले ना रे," ती म्हणाली. "दरवर्सी पोटभर खाल्ले. म्हनलं, पोरगं तिकडं मोठमोठ्या हाटेलात खात असंन, मी इथी खातो."

तिनं तोंड फिरवलं आणि पानं मोजल्यासारखं करू लागली. लालसूला वाईट वाटलं, स्वतःपेक्षा तिचंच जास्त.

"मंग यंदा?" चैतूनं विचारलं. काही माणसांना गप्प बसायची वेळ कळत नाही.

"यंदा कोनाचाच टाकला नाई अजून," बुधरी म्हणाली.

म्हणजे बघा कशी गंमत. जेव्हा खाता येत होतं तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि आता ठाऊक झालं तर खाता येत नव्हतं. लालसू दुसऱ्या दिवशी मुलचेऱ्यापर्यंत चालत, तिथून बसनं चामोर्शीला आणि पुढे निघाला. जसा आला होता तसाच, फक्त जास्त थकून.

शेठ दारातच भेटले. "काय लालसू, झालं का गावचं काम? चाखणार ना आता?"

एक शब्द पुरला असता. हो म्हणायचं, चमचाभर रस गिळायचा, कोण बघणार होतं? गाव तिकडे जंगलात, देव तिकडे झाडाखाली. पण तिकडं माय थांबली आहे, गायता थांबला आहे, शेंबडी पोरंसुद्धा पडलेल्या आंब्याकडे बघून पुढे जात आहेत, आणि आपण इथं पंख्याखाली बसून खायचं? नाही होणार ते आपल्याच्यानं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"थोडे दिवस थांबा शेठ."

"हंगाम थांबतो का रे?" शेठ म्हणाले. काउंटर प्रफुलला मिळालं आणि लालसू भट्टीवर गेला.

प्रफुलला वाईट वाटलं. त्यानं खोदून खोदून विचारलं, तेव्हा लालसूनं सगळं सांगून टाकलं. प्रफुल हसला नाही. "बे, पह्यलेच सांगतलं असतं तं मी रोज चाखून देल्लं असतं ना," एवढंच म्हणाला. खरंच दिलं असतं त्यानं. पण आता काउंटर त्याचं होतं, आणि घरी त्याला लेकरं होती.

हंगाम उतरणीला लागला. पेट्या कमी यायला लागल्या. एका रविवारी भर गर्दीत, दारात माणसं ताटकळलेली, कढईत बटाटेवडे फुगत असताना खिशातला फोन वाजला. चैतूचा नंबर होता. पण आवाज मायचा.

"लालसू, झाला पंडुम. आत्ता झाला. तुह्या नावाचा टाकला, इतवारीनं मोठ्यानं नाव घेतलं. खा आता."

"खातो माय. काम चालू हाये. रातच्याले खातो."

"नाई. आत्ताच खाय. मी तलावाच्या पारीवर हावो, इथीच रेंज येते. आंबा हातात घेऊन बसली हावो." मध्ये खरखर झाली. "तू खाल्ल्याबिगर मी नाई खात यंदा."

लालसूनं झारा बाजूला ठेवला. गॅस बारीक करायचंही सुचलं नाही. फोन कानाला तसाच धरून तो आंब्याच्या काउंटरपाशी गेला. प्रफुलनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तयार मस्तानीच्या पातेल्यात चमचा बुडवून त्याच्यापुढे धरला.

लालसूनं तो तोंडात घेतला. थंड होता. साखर लागली, दूध लागलं, आणि मग मागून कुठून तरी आंबा. एवढंच? एवढ्यासाठी लोक त्या उन्हात रांगा लावतात? पण रिकामा चमचा त्यानं बराच वेळ तोंडातून काढला नाही.

"खाल्ला का?"

"खाल्ला."

"गोड हाये?"

"लय गोड हाये माय."

"मंग ठीक हाये," बुधरी म्हणाली. आणि मग तिकडून नुसता आवाज यायला लागला. सालीला दात लागल्याचा, रस ओढल्याचा. भट्टीवर वडे करपत होते, शेठ त्याच्या नावानं हाका मारत होते, मागून कोणी तरी तेलाचा धूर झाल्याचं ओरडलं. लालसू हलला नाही.

"माय, तिकडचा कसा हाये?"

"आंबट हाये रे यंदा," बुधरी म्हणाली आणि कोय चोखत राहिली.