गोकुळानं घोडा सोडला

मूल गावच्या बाजारात गुणवंतरावांचा तंबू-सिनेमा उभा राहिला आणि त्याच दुपारी मशीन चालवणारा नानाजी हिवतापानं आडवा झाला. धान घरात आलेलं, लोक खुशीत; खेड्यापाड्यांतल्या बैलगाड्या तंबूबाहेर सुटल्या होत्या.

"आता मशीन कोण चालवंल?" गुणवंतरावांनी डोक्याला हात लावला.

"मी चालवीन, भाऊ," नानाजीची बायको गोकुळा म्हणाली. लग्नापासून ती तंबूबरोबर फिरत होती. नवऱ्याशेजारी बसून रीळ चढवायला शिकली होती.

"तिले येते," नानाजी घोंगडीतून कण्हला.

दिवेलागणीला वीज पुरवणारं इंजिन धडधडलं. पडद्यावर घोडा दौडत आला, तंबूत शिट्ट्या उठल्या. गोकुळाच्या अंगावर काटा आला. हा घोडा तिनं सोडला होता! पण टापा वाजल्याच नाहीत. भोंग्यातून नुसतं घूंऽऽ.

"आवाज! आवाज!" लोक उठून उभे राहिले.

"काय झालं वो? शो बंद करू काय?" गुणवंतराव धावत आले.

"नाई भाऊ, जरा थांबा." तिनं मशीन थांबवली. नानाजीनं शिकवलेलं तिला आठवत होतं. चित्र उजेडावर जाते, आवाज तारेवर. फिल्मच्या काठाला आवाजाची बारीक पट्टी असते. तिच्यातून आलेल्या उजेडाची मशीनमध्ये वीज होते. ती वीज बारीक तारेनं अॅम्प्लिफायरमध्ये जाते, तिथं मोठी होते आणि जाड तारेनं पडद्यामागच्या भोंग्याकडे.

"भोंगा घूं करून राह्यला, म्हंजे जाड तार ठीक हाय. बिघाड बारकीत हाय."

अॅम्प्लिफायर बंद करून तिनं बारक्या तारेची पिन उपसली. आतली तार जागेवर होती. तिच्याभोवतीची तांब्याची जाळी मात्र पिनेच्या कडेपासून तुटली होती. "बत्ती धरा, भाऊ!" तिनं चाकूनं रबर सोललं, जाळी मागं पिळून पिनेच्या कडेला घट्ट आवळली, आतल्या तारेला लागू दिली नाही. वर चिकटपट्टी. पिन पुन्हा भोकात दाबली आणि अॅम्प्लिफायर सुरू केला.

घूं थांबलं. तिनं रीळ सोडलं.

टापा अशा कडाडल्या की पुढं बसलेली पोरं मागं सरकली! बाया हसल्या, कोणीतरी टोपी उडवली. गोकुळाला टाळी वाजवायची होती, पण हात मशीनवरून काढता येईना.

"नानाजी, ऐकलं काय?" गुणवंतराव तंबूमागं जाऊन ओरडले. "उद्या सावली गावालेही गोकुळाच मशीन चालवंल!"

"मंग मी काय करू?"

"तुमी तिकिटं फाडा," गोकुळा आतून खिदळत म्हणाली आणि दुसरं रीळ उचलायला वळली.