टाकी साफ झाली तर

माझं स्पष्ट मत आहे, की साडू हे नातं देवाने डोकं फिरलेलं असताना जन्माला घातलं असावं. दोन बहिणींचे दोन नवरे. रक्ताचा संबंध नाही, मैत्री असलीच पाहिजे असं नाही, पण तुलना मात्र जन्मभराची. आमच्या दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये अशी एक जोडी होती. बळवंतराव एका मिनिस्ट्रीत अंडर सेक्रेटरी, आणि विश्वनाथ दुसऱ्या मिनिस्ट्रीत क्लार्क. बळवंतरावांची अलका आणि विश्वनाथची पद्मजा या सख्ख्या बहिणी. विश्वनाथ आमच्या खालच्याच क्वार्टरमध्ये राहायचा. वयाने माझ्या धाकट्या दिराएवढा, म्हणून त्याला मी अरे-तुरे करते. बळवंतरावांना अहो-जाहो करते, ते केवळ सवयीने.

शहाऐंशी साली बळवंतरावांनी मारुती घेतली आणि आपली जुनी विलायती बी.एस.ए. मोटारसायकल साडूला देऊन टाकली. 'घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं' म्हणतात ना, ते इथे साडूने धाडलं. त्याआधी कित्येक वर्षं ती गाडी त्यांच्या जिन्याखाली रिकाम्या टाकीने उभी होती. रिकाम्या टाकीत ओल धरते आणि पत्रा आतून गंजतो. वरून काळा रंग, सोनेरी रेघ, सगळं झकास, पण झाकण उघडून टॉर्च मारला की आत विटांची भुकटी. पेट्रोल ओतलं की गाडी मुनिरकाच्या चौकापर्यंत जायची. तेवढ्यात गंजाचा चुरा पेट्रोलबरोबर खाली उतरून कार्बोरेटरचं बारीक भोक बुजवायचा, आणि विश्वनाथ ते धूड ढकलत परत यायचा. पद्मजा एकदाच त्याच्या मागे बसली होती. चौकातून घरापर्यंत ती त्याच्या वीस पावलं पुढे चालत आली, ओळख नसल्यासारखी.

आमच्या मराठी मंडळाचा एक नेम होता. दर संक्रांतीला पानिपतला जायचं, काळ्या आंब्याच्या युद्धस्मारकाच्या स्तंभापाशी फुलं वाहायची, तिथेच जेवायचं आणि परत यायचं. बाकीचे आम्ही मंडळाच्या बसने. विश्वनाथ आणि पद्मजा बळवंतरावांच्या गाडीतून. काचेवर धुकं साचलं की ते पुसायला विश्वनाथ उतरणार, सिगारेट संपली की आणायला विश्वनाथ धावणार. बळवंतराव त्याला नावाने हाकही मारत नसत, नुसती चुटकी वाजवत. हे सगळं पद्मजाच्या डोळ्यांदेखत चालायचं. तिला त्याची लाज वाटायची. बळवंतरावांची नव्हे, नवऱ्याची.

असं दोन-तीन वर्षं चाललं, आणि मग एका दिवाळीत आमच्याकडे फराळाला सगळे जमले होते. विश्वनाथ चकली हातात धरून म्हणाला, "या संक्रांतीला मी आणि पद्मजा आमच्या गाडीने येऊ पानिपतला."

"अरे यार, ती गाडी सोनिपतला पोचली तरी मी कॉलनीत पेढे वाटेन," बळवंतराव म्हणाले. "भाऊसाहेब पेशवे निदान पानिपतला पोचून हरले. तू वाटेतच हरशील!"

सगळे हसले. पद्मजा जरा जास्तच हसली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "टाकी साफ करून दाखवा, मग बसेन मागे. अगदी पानिपतपर्यंत."

"सगळ्यांसमोर बोललीस हं," विश्वनाथ म्हणाला.

"बिल्कुल. सुमित्राताई साक्षीला आहेत," असं म्हणून तिने माझ्याकडे बोट केलं. म्हणजे मी आपोआप साक्षीदार झाले, आणि म्हणूनच हे सांगायचा मला अधिकार आहे.

दुसऱ्याच रविवारी त्याने टाकी सोडवून अंगणात आणली. खालचं भोक बुचाने बंद केलं, आत थोडं रॉकेल आणि मूठभर छोटे नट घातले आणि टाकी छातीशी धरून हलवायला लागला. खडखड, खडखड. सकाळपासून दुपारपर्यंत. हात भरून आले की मांडीवर घेऊन, मांड्या दुखल्या की जमिनीवर लोळवून. बाहेर काढलेलं रॉकेल चहासारखं लाल. पुन्हा नवं रॉकेल, पुन्हा खडखड. कॉलनीतल्या लोकांनी त्याचं नाव 'खुळखुळा' ठेवलं. आठवड्याभरात पद्मजाच्या तोंडीही तेच आलं. "आमचा खुळखुळा अंगणात आहे," असं ती दारावर आलेल्या माणसाला सांगायची. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटायची, खोटं कशाला बोलू?

बळवंतरावांनी एके दिवशी सल्ला दिला, "अरे, संडास धुवायचं ॲसिड ओत. एका दिवसात काम तमाम." विश्वनाथने साहेबाचा शब्द मानला आणि ओतलं. गंजाबरोबर पत्राही खाल्ला गेला आणि टाकीच्या पोटाला सुईएवढं भोक पडलं. ते कळलं तेव्हा बळवंतराव खो खो हसले. "मी मजेत म्हटलं होतं! तू खरंच ओतलंस?" नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तसं झालं. विश्वनाथने भोकाला टाका मारून आणला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला सिरका, म्हणजे व्हिनेगर. लोणच्यात घालतात तोच. टाकी काठोकाठ भरायची, दोन-तीन दिवस ठेवायची, ओतायची, पुन्हा भरायची. साऱ्या जिन्याला लोणच्याच्या कारखान्यासारखा वास. ऑफिसात त्याच्या शेजारचा माणूस खुर्ची लांब सरकवून बसायला लागला, असं तोच मला हसत सांगायचा.

एकदा आतला पत्रा स्वच्छ झाला, त्याने धुतला आणि उन्हात वाळत ठेवला. डिसेंबरचं दिल्लीचं ऊन ते, त्यात जोर कुठला? संध्याकाळपर्यंत आत पुन्हा केशरी पावडर. उघडा झालेला पत्रा ओला राहिला की तासाभरात परत गंज धरतो, हे त्याला तेव्हा कळलं. त्या दिवशी तो पायरीवर टाकी मांडीवर घेऊन बसला होता. मी चहा घेऊन गेले.

"सोड ना रे," मी म्हटलं. "बसने जाऊ सगळे. बसमध्ये काय वाईट आहे?"

"वहिनी, ती एकदा तरी शेवटपर्यंत माझ्या मागे बसली पाहिजे," तो म्हणाला. "लग्नाला अकरा वर्षं झाली, ती कधी माझ्याबरोबर कुठे आली नाही. माझ्या जवळपास चालते, एवढंच."

मी कप उचलून वर आले.

शेवटच्या खेपेला त्याने सगळं आधी मांडून ठेवलं. सिरका ओतला, आंबटपणा मरावा म्हणून खायच्या सोड्याच्या पाण्याने टाकी खळबळली, कढत पाण्याने धुतली आणि लगेच पद्मजाचा केस वाळवायचा ड्रायर टाकीच्या तोंडात खुपसला. टाकी हाताला चटका देईपर्यंत ड्रायर चालू. मग क्षणाचीही उसंत न घेता आत तेल आणि पेट्रोल घालून टाकी सगळ्या बाजूंनी फिरवली, म्हणजे पत्र्याला तेलाचा हात बसतो. टॉर्च लावून मला दाखवलं. आत नव्या पातेल्यासारखं लखलखीत होतं. मग तो टाकी तशीच उचलून स्वयंपाकघराच्या दारात गेला.

"पद्मजा, ये ना. एकदा आत बघ."

"माझे हात पिठाचे आहेत."

"हात नको लावूस. नुसतं बघ."

"माझा ड्रायर जळला का, ते आधी बघा," ती पोळी लाटता लाटता म्हणाली. मान वर केली नाही.

संक्रांतीच्या सकाळी क्वार्टरसमोर बस उभी, मागे बळवंतरावांची मारुती, आणि पुढे ती बी.एस.ए. विश्वनाथने गाडी आधीच पालमपर्यंत फिरवून आणली होती. मागच्या सीटवर त्याने शालीची घडी घातली होती, तिला गार लागू नये म्हणून. किक मारली. एका किकमध्ये गाडी सुरू झाली आणि धडधडत राहिली. ना गचका, ना खोकला. बसमधले लोक खिडक्या उघडून टाळ्या वाजवायला लागले. आणि सांगते, बळवंतरावसुद्धा गाडीतून उतरले, टाकीवर थाप मारली आणि म्हणाले, "मान गए, विश्वनाथ." नावाने म्हणाले, चुटकी नाही. त्या माणसाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखी चांगली गोष्ट एवढीच आहे.

पद्मजा खाली आली. नवी काळी चंद्रकळा, हौसेने घातलेले हलव्याचे दागिने, हातात गुळपोळ्यांचा मोठा डबा. दिसत होती फारच सुंदर. विश्वनाथने रुमालाने पाय ठेवायचा दांडा पुसला आणि गाडी जराशी तिच्या बाजूला कलती केली.

"जा पद्मजा," बळवंतराव म्हणाले. "आज त्याचा दिवस आहे."

ती थांबली. गाडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, चिडली नाही. भाजीवालीला 'आज नको' म्हणावं तसं म्हणाली, "अहो, मी ते टाकी साफ होणार नाही असं वाटलं म्हणून बोलले होते."

टाळ्या थांबल्या. विश्वनाथने गाडी बंद केली नाही. त्याला वाटलं असावं, की आवाजात आपल्याला नीट ऐकू आलं नाही. तिने गुळपोळ्यांचा डबा शालीच्या घडीवर ठेवला. "भावजींच्या डिकीत जागा नाहीये. बांधून घ्या घट्ट. धक्के बसू देऊ नका, तुकडे होतील." आणि मारुतीत अलकाशेजारी जाऊन बसली. दार लावायला बळवंतराव पुढे झाले.

त्याने डबा दोरीने बांधला. एवढा वेळ लावून, की बसचा ड्रायव्हर भोंपू वाजवायला लागला. मग निघाला. मी बसच्या पुढच्या सीटवरून पाहत होते. करनाल रोडवर धुक्यातून तो सबंध वाट मारुतीच्या मागे एका लयीत चालवत राहिला. सोनिपत गेलं, समालखा गेलं, गाडी एकदाही अडखळली नाही. मी मनात म्हणत होते, बंद पड गं बाई, एकदा तरी बंद पड, म्हणजे त्याला दोष द्यायला काहीतरी मिळेल.

पानिपतला स्तंभाला हार घातला, गाऱ्हाणं घातलं, जेवणं झाली. एकही पोळी मोडली नव्हती. मग पद्मजा तिळगूळ वाटायला निघाली. प्रत्येकाच्या हातावर ठेवून हसून म्हणायची, "तिळगूळ घ्या, गोड बोला." वाटत वाटत विश्वनाथपाशी आली, त्याच्याही हातावर ठेवला, तेच शब्द म्हणाली.

त्याने तिळगूळ तोंडात टाकला. चावला. गिळला. वाऱ्याने त्याचे डोळे लाल झाले होते. मग अगदी हळू, गोड बोलायला सांगितलं म्हणून की काय, विचारलं, "परत जाताना बसशील?"

पद्मजाने मागे वळून बहिणीला हाक मारली. "ताई, अगं हे अजून विचारताहेत!" असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, आणि हसत हसत तिळगुळाचा डबा घेऊन शेजारच्या माणसाकडे वळली.