खात्रीचं रक्त

लॅबमध्ये टोचायला तिच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. सगळे तिला ताई म्हणत. गुप्तरोगाची तपासणी म्हटलं की माणसं चपला शोधायला लागायची. ताई दारात आडवी.

"बसा हो. लाज वाटायची वेळ होती तेव्हा वाटली नाही, आता कुठून आणलीत?"

माणूस कसनुसं हसायचा, हात पुढे करायचा. पट्टीवर रक्ताचा थेंब. एक रेघ उमटली, सुटलात. दोन उमटल्या, सिफिलिस. इंजेक्शनं घ्या आणि घरच्या माणसालाही घेऊन या.

पट्ट्यांचा नवा डबा वर्षातून एकदा उघडायचा. उघडला की आधी कुणाच्या तरी निरोगी रक्तावर पट्टी पारखून घ्यायची. सात वर्षं ते रक्त ताईचं.

अकरावा आठवडा. हो, लग्नानंतर नवव्या वर्षी दिवस गेले होते. डॉक्टरीणबाईंनी तपासण्यांची यादी दिली. साखर, हिमोग्लोबिन, सगळं ताईने स्वतःच नीट काढलं. सिफिलिससमोर मात्र नुसतंच 'निगेटिव्ह' लिहिलं. कसोटीचा दगड कुणी घासून बघतं का?

सोळावा आठवडा. नवा डबा, ताईचा थेंब, दोन रेघा.

"डबा खराब!" तिने कंपनीच्या माणसाला फोनवर उभा-आडवा झाडला. डबा परत गेला.

दुसरा डबा. दोन रेघा.

"ताई, आता रक्त तरी बदला," लॅबचे मालक, साहेब, म्हणाले. दारावरच्या रखवालदाराला बोलावलं. त्याच्या थेंबाला एकच रेघ.

"घ्या! जगाच्या उचापती करणारा हा, आणि निघाला धुतल्या तांदळासारखा!" साहेब खो-खो हसले. मग हळूहळू हसायचे थांबले.

ताई हसतच राहिली. "गरोदरपणात येतात हो कधीकधी खोट्या दोन रेघा."

हे खरं आहे. कधीकधी येतात. अडाणी बाईला हे ठाऊकच नसतं. ती धावत सुटली असती आणि निभावून गेली असती.

"तरी मोठ्या लॅबला पाठवून खात्री करा."

"पाठवते की."

मोठ्या लॅबमध्ये तिच्याच हाताखाली शिकलेल्या दोघीजणी होत्या. रक्ताच्या नळीवर ताईचं नाव चिकटणार होतं.

गोष्ट इथे संपवू या. तिने नळी पाठवली, इंजेक्शन घेतलं, पोर वाचलं. गोड झालं ना?

नळी गेली नाही.

विसावा: उद्या. चोविसावा: सोमवारी नक्की. सव्विसाव्यात एक पोटुशी बाई तपासणीला कां-कूं करत होती. ताईने तिचा दंड पकडून खुर्चीत बसवलं. "पोटातल्याला लाज कळत नाही, बाई. आजच्या आज!" ती बसली. तिचं बाळ आता रांगतंय.

एकतिसावा. पोटातलं हलायचं थांबलं.

मुलगी होती. बोटं पुरी, नखंसुद्धा आलेली. ताईने बघितली, मग कुणीतरी कापड ओढलं.

डॉक्टरीणबाई ताईच्या रक्ताचा अहवाल घेऊन खाटेपाशी आल्या. नवरा खिडकीकडच्या स्टुलावर बसला होता. "तुमचंही रक्त तपासायला हवं," त्या त्याला म्हणाल्या.

"माझं झालंय," तो म्हणाला. "वर्ष झालं. दुसरीकडे दाखवलं होतं. सुया घेतल्या, बरा झालो."

ताईने विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

त्याला खरोखरच नवल वाटलं. "अगं, तू दिवसभर तेच करतेस. मला वाटलं, तुला केव्हाच कळलं असेल. कळूनही बोलत नाहीस, म्हणजे पोटात घातलंस." त्याने स्टूल खाटेकडे सरकवलं. "मी तर मनातल्या मनात तुला मानत होतो."

नर्स ट्रे घेऊन आली. "कुशीवर वळा. जाड औषध आहे, दुखेल."

ताई भिंतीकडे वळली. सुई आत गेली, औषध सावकाश उतरत राहिलं. भिंतीचा रंग चांगला होता, नुसता रंग, एकही रेघ नाही.

"झालं अर्धं," नर्स म्हणाली. "उरलेलं दुसऱ्या बाजूला. आता यांच्याकडे तोंड करा."