अंबूबाईच्या ओवीची दुसरी ओळ

मित्रांनो, मी एक जुनं जातं आहे, म्हणजे त्याची उरलेली वरची तळी. खुंटा चुलीत गेला, खालची तळी गोठ्याच्या पायरीला बसवली, आणि मी उंब्रजच्या भाऊसोंच्या न्हाणीत धुणं सोसत पडून आहे.

एके काळी माझ्या पिठाचं गावभर कौतुक होई. दळणाऱ्या अंबूबाईचं मात्र कुणी केलं नाही. ती माणदेशातली, विधवा होऊन या घरी राबायला आली. पंधरा वर्षं तिच्या हातचं पीठ सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लं. दळता दळता ती स्वतः रचलेल्या ओव्या म्हणे. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण दगडाचं दुःख तिनेच मला समजावलं. घराला ते गाणं म्हणजे कटकट वाटे. ऐकायची फक्त भाऊसोंची लेक चंद्रा, तिच्याच मांडीवर वाढलेली.

१९७७ साली चंद्राचं लग्न ठरलं. अंबूबाई महिनाभर तिच्यासाठी एक ओवी जुळवत होती. लग्नाची हळद सवाष्णींनीच दळायची असते, हे तिला ठाऊक होतं. तिला खुंट्याला हात लावायचा नव्हता. तेवढी ओवी चंद्राच्या कानावर घालायची होती.

हळदीच्या सकाळी मला धुतलं, आंब्याचा डहाळा बांधला आणि कुंकू लावलं. मला, दगडाला! अंबूबाई दारात दिसताच भाऊसोंची बायको बनुबाई कडाडली, "अंबू, गोठ्यात बस जा. आज तुजं त्वांड दिसाया नगं."

"वैनी, लांबनं म्हनते की. पोरीसाठनं केलीया."

"आमी म्हनतो. सांग आन् नीघ."

अंबूबाईने ओवी एकदा सांगितली आणि गेली. सवाष्णींनी पहिली ओळ गायली आणि दुसरीला अडल्या. खिदळत पहिलीच तीनदा म्हणाल्या. तेवढ्यात गोठ्यातून अंबूबाईचा आवाज उठला. तिने दुसरी ओळ उचलली होती. पहिला शब्द निघतोय तोच बनुबाईने दार आपटलं आणि बायकांना मोठ्यानं गायला सांगितलं. तोवर तिथे येऊन बसलेल्या चंद्राने काही बोलायला तोंड उघडलं, आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही.

दारापलीकडचा आवाज मला मात्र ऐकू आला. तिने ओळ शेवटपर्यंत म्हटली.

दुसऱ्या दिवशी अंबूबाई न गाता दळत होती. बनुबाई म्हणाली, "आता गा की, कोन न्हाई."

"सरलं, वैनी."

ती परत गायली नाही. पुढच्या वर्षी गावात पिठाची गिरणी आली आणि आम्हा दोघींची गरज संपली. मला न्हाणीत टाकलं, तिला घालवून दिलं.

दोन वर्षांनी चंद्रा बाळंतपणाला माहेरी आली. बाळाला निजवताना पहिली ओळ गुणगुणली आणि अडली.

"आये, फुडं काय हाय गं?"

"मला काय ठावं?"

"अंबूमावशी कुटं हाय?"

"मेली म्हनं, पाटनकडं. थंडीत."

चंद्रा न्हाणीत आली. माझ्यावर लंगोट आपटत रडत राहिली. ओळ मला येत होती. पण दगडाचं कोण ऐकतं?

मित्रांनो, घरात कुणी राबता राबता गुणगुणत असेल, तर त्याचं कपाळ पाहू नका. ते माणूस जिवंत आहे तोवर पुढची ओळ विचारून घ्या. ती ओवी अशी होती:

वरली तळी फिरती गं, खालली बसं जागी,
झिजनं सारखंच पोरी, दोघींच्याबी भागी.

चंद्राला कुणी भेटलात, तर दुसरी ओळ तेवढी सांगा.