सतरावी बोट

नदीत बिनपरवाना घर थाटून राहिलेल्या बोटी होत्या सतरा आणि त्या ओढून न्यायला टगबोट होती एकच. बुटकी, काळी, म्हाताऱ्यासारखी खोकत चालणारी, पण दोराला डोंगर बांधला तरी ओढेल अशी तिची ख्याती. एकदा म्हणे तिच्या धक्क्याने पूल हातभर खाली बसला आणि तेव्हापासून त्याखालून तिच्याशिवाय दुसरी टगबोट जाईनाशी झाली. टगवाला हे स्वतः कुणाला सांगत नसे. दुसरं कुणी सांगितलं तर नाहीही म्हणत नसे.

बोटी हटवायचं कंत्राट साहजिकच त्याला मिळालं. लोकांनी सामान काढायचं, नदी कार्यालयाच्या निरीक्षकाने कागदावर शिक्का मारायचा, मग टगवाल्याने दोर अडकवून बोट खालच्या धक्क्यावर भंगारवाल्याच्या हवाली करायची. निरीक्षकाच्या खिशात शिक्का आणि शाईची डबी कायम असायची, म्हणून त्याला सगळे शिक्केसाहेब म्हणत. आठ दिवसांत सोळा बोटी गेल्या. एकीच्या खिडकीला पडदे तसेच राहिले होते, ते वाटभर हलत होते. टगवाल्याने मागे वळून पाहिलं नाही. मागे पाहिलं की दोर वाकडा जातो, असं त्याने घरी बायकोला सांगितलं.

"आणि सतरावी?" बायकोने विचारलं.

"ती शेवटी ठेवलीय ना."

"शेवटी म्हणजे उद्या."

"उद्याच."

"मग येताना आईला इकडे घेऊन या आणि तुम्ही तिकडेच राहा. आपल्या दोन खोल्यांत तीन माणसं मावतील हो, पण सासूचं घर भंगारात घालणारा जावई मावायचा नाही."

सतरावी बोट तिच्या आईची होती. बावीस वर्षं जागची हलली नव्हती. बुडाला एवढं शेवाळ साचलं होतं की चार गावचे मासे बाळंतपणाला तिथे येत.

सकाळी टगवाला पोहोचला तेव्हा सासूबाई डेकवर लसूण सोलत बसल्या होत्या.

"या जावईबापू. चहा घेऊन ओढणार, की ओढून झाल्यावर घेणार?"

"आई, लाजवू नका."

"लाजवते कशाला? सोळा ओढल्यात, हात बसलाय तुमचा. सामान तेवढं काढलं नाही मी. कंबर धरलीय."

"सामानासकट नेता येत नाही, आई."

"मग माझ्यासकट न्या."

तेवढ्यात शिक्केसाहेब आले, पण फोन कानाला लावून, तोंड आंबट करून. भंगारवाल्याचं कापायचं मशीन पहिल्याच बोटीवर बंद पडलं होतं. खालच्या धक्क्यावर सोळा बोटी अशा खेटून उभ्या होत्या की मधून बदक जाईना. सतरावीला जागा नव्हती. आणि काठ मोकळा झाल्याचा अहवाल तर साहेबांना संध्याकाळीच वर पाठवायचा होता.

"कुठंही ने बाबा," साहेब म्हणाले, "पण माझ्या हद्दीबाहेर."

"हद्द कुठवर आहे, साहेब?"

"निम्म्या नदीपर्यंत. पलीकडे दुसरं कार्यालय."

सासूबाईंचा लसणावरचा हात थांबला. "पलीकडच्या काठावर ऊन सकाळचं येतं ना हो, जावईबापू?"

साहेबांनी शिक्का मारला. टगवाल्याने दोर अडकवला. बावीस वर्षांचा चिखल सोडताना बोटीने असा सुस्कारा टाकला की काठावरच्या इमारतीच्या दोन खिडक्या आपोआप उघडल्या. सासूबाई लसणासकट पलीकडे गेल्या.

पलीकडच्या कार्यालयात एक बाई होत्या, नियमाने चालणाऱ्या. त्यांनी बोट मोजली, तिला नंबर दिला, नोटीस लावली, मुदत दिली, मुदत संपायची वाट पाहिली. यात तीन महिने गेले. मग त्यांनी बोट आपल्या हद्दीबाहेर काढायचा हुकूम दिला. काढणार कोण, तर टगवाला. त्याने ती निमूटपणे पुन्हा अलीकडे आणून लावली. इकडे शिक्केसाहेबांनी नव्याने मोजमाप सुरू केलं.

असं दोन वर्षं चाललं. बायको नवऱ्याशी पुन्हा बोलू लागली. दोन्ही कार्यालयांच्या अहवालांत दर वर्षी अनधिकृत बोटी हटवल्याची नोंद होई आणि दोघांचंही वरून कौतुक होई. सासूबाईंच्या कुंड्यांतल्या रोपांना मात्र कळेना, उन्हासाठी कुठल्या बाजूला वाकायचं. शेवटी ती सरळ वाढली.

मग एका दुपारी बोट अलीकडे असताना शिक्केसाहेबांनी टगवाल्याला बोलावलं. "भंगारवाल्याने सोळाही मोडून संपवल्या. धक्का मोकळा आहे. सोमवारी सतरावी तिकडे ने."

"बरं," टगवाला म्हणाला.

तो टगबोटीवर गेला, इंजिनाशेजारी बसला. मग पाना घेतला आणि पंपाच्या मागचा एक पितळी तुकडा काढला, मुठीएवढा, जड. तो बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. फडक्यात गुंडाळून त्याने तो सासूबाईंना नेऊन दिला.

"हे काय आणि?"

"असू दे तुमच्याकडे, आई."

सासूबाईंनी तो हातात तोलून पाहिला, जावयाच्या तोंडाकडे पाहिलं आणि शेगडीजवळच्या फळीवर ठेवून दिला.

सोमवारी टगबोट खोकलीसुद्धा नाही. मिस्त्री आला, मान हलवून गेला. बाहेरून दुसरी टगबोट मागवली, ती पुलापाशी अडकून परत फिरली. टगवाला लहान होडीतून माणसं पलीकडे सोडायचं काम करू लागला. जेवायला सासूबाईंकडे. काही दिवसांनी बंद टगबोटीवरही नोटीस लागली, परवानगीशिवाय काठाला उभी म्हणून. हटवणारा कंत्राटदार म्हणून खाली त्याचंच नाव. त्याने ती दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि नंतर होडीत पाणी शिरत होतं तिथे दाबून बसवली.

त्या नोटिशीच्या कार्यालयातल्या प्रतीवर सही घ्यायला शिक्केसाहेब सासूबाईंच्या बोटीत आले. टगवाला जेवत होता. शेगडीवर दूध होतं आणि पातेल्याच्या झाकणावर पितळी तुकडा.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"झाकण उडतं हो," सासूबाई म्हणाल्या. "दूध उतू जातं."

टगवाल्याचा घास हातातच राहिला. साहेबांनी तुकडा फडक्याने उचलला, उलटा केला, खाली कोरलेला टगबोटीच्या इंजिनाचा नंबर वाचला. पुन्हा एकदा वाचला. मग जिथे होता तिथे, झाकणाच्या बरोब्बर मधोमध, परत ठेवला.

"चहा टाकणार असाल," ते बसत म्हणाले, "तर साखर जरा कमी घाला."