पिवळं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं पंचिंग घड्याळ आहे. सिन्नरच्या एका कारखान्याच्या फाटकाशी मला १९९२ साली भिंतीवर ठोकलं. कामगारानं माझ्या तोंडात कार्ड घालायचं, मी खाडकन वेळ छापायची. सातच्या आत निळी, नंतर लाल. एकदा सूर्य चार मिनिटं उशिरा उगवला, तर मी त्यालाही लाल शाई लावली! दसऱ्याला मला हार पडायचा तो काय उगीच?

२००३ साली पत्रा दाबायच्या प्रेसखाली कामगार गोटीरामची बोटं गेली. ती फडक्यात उचलली शेजारच्या यंत्रावरच्या पुंजानं. दुसऱ्याच दिवशी पुंजाला त्याच प्रेसवर उभं केलं. तेव्हापासून तो लवकर यायचा, पण कार्ड धरून माझ्यापुढं नुसता थांबायचा. हात वर जाईना. सात वाजून जात. लाल.

मग वरून हुकूम आला, कामगारांच्या मनाची काळजी घ्या. दर बुधवारी समुपदेशनाला साधनाबाई येऊ लागल्या. पण त्यांच्याकडं जायचं तर सगळ्यांदेखत पिवळं कार्ड पंच करायचं, नाव लिहून फाटकाशी खोचायचं.

एका बुधवारी पुंजानं ते उचललं. मागून सुपरवायझर बहिरू ओरडला, "काय पुंजाभाऊ, डोक्याचा नट ढिला झाला का?"

रांग खिदळली.

"नाय वो, चुकून हात लागला," म्हणत पुंजानं ते परत ठेवलं.

सहा अठ्ठावन्न झाले होते. मी काटा छातीशी घट्ट धरला. म्हटलं, लाल लागायची भीती नको, रांग आत जाऊ दे, पुंजा एकटा उरला की पिवळं उचलेल. सात वाजून गेले तरी मी हललो नाही. त्यानं पिवळं उचललं नाही. शेवटी रोजचंच कार्ड पंच केलं. किती दिवसांनी निळी वेळ उमटली!

मी बिघडलो म्हणून तासाभरात मेकॅनिक आला. मला खोललं, तेल दिलं, बरं केलं. मला कुणी हसलं नाही.

दुपारी पुंजा प्रेस चालू ठेवून निघून गेला, तो आलाच नाही. पंधरा दिवसांनी त्याची आई धोंडाबाई आली.

"साहेब, भिंतीकडं तोंड करून बसतो वो. जेव म्हटलं तर हात लपवतो. कामाचा लय धसका घेतलाय त्यानं."

साहेबांनी कार्ड दाखवलं. "त्रास असता तर वेळेवर आला असता का? ही बघा, शेवटच्या दिवसाची वेळ, निळी. पळालाय तो. नाव कमी केलंय."

मित्रांनो, उद्या तुम्ही साहेब व्हाल. यंत्राला तेल घालाल, तेव्हा त्याच्यापुढच्या माणसाचे हातही बघा. त्याला मन मोकळं करायचं असेल, तर त्याचं नाव फाटकावर टांगू नका.

मी आता भंगारात आहे. जन्मभर थापा मारल्या, कुणी एकीवरही विश्वास ठेवला नाही. ठेवला तो त्या निळ्या वेळेवर.